चहाची दाढी

“आता बोल,” बुधाजी सारंग म्हणाले आणि वस्तऱ्याचं पातं त्यांनी माझ्या कंठमण्याच्या जरासं खाली टेकवलं. “सोड्याच्या कारखान्यात तू मॅनेजर आहेस म्हणे?”

माझी मान खुर्चीच्या पाठीवर मागे टाकलेली, डोळ्यांसमोर नुसत्या माडाच्या झावळ्या, गालांवर साबणाचा फेस.

“घाबरू नकोस. बोलताना कंठ हलतो तो निराळा, तो मला चालतो. बोलायच्या आधी जो हलतो ना, तो खोट्याचा. खरं माणूस तसंच बोलून टाकतो. खोटं मात्र आधी गिळून बघतो, पचतंय का म्हणून. तू गिळलंस की मी कापत नाही हो, तूच कापला जातोस. आणि कापला गेलास की ती पिशवी उचलायची नि दुपारची होडी धरायची. माझ्या मुलीचं नाव पुन्हा काढायचं नाही.”

“अहो सारंगानू,” बाकावरून माझा मामा म्हणाला, “स्थळ बघायची ही काय रीत? मॅनेजरच आहे तो. मी सांगतो ना.”

“मयेकर, वस्तरा कुणाच्या गळ्यावर आहे?”

मामानं कप तोंडाला लावला.

“बाटल्या धुतो,” मी म्हणालो. “गोटी अडकली तर काढतो. मालक जेवायला गेला की गल्ल्यावर बसतो. मॅनेजर तेवढ्यापुरता.”

बाकावर कप बशीत आपटला. पातं मात्र सावकाश वर सरकलं, खर्र करून, आणि हनुवटीपाशी उचललं गेलं.

“बाटल्या धुणं वाईट नाही,” सारंग म्हणाले. “पुढे.”

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा पुन्हा सुरू झाला. माझ्या गळ्यावरच्या या पांढऱ्या रेघेबद्दल मी आजवर बरंच काही सांगितलंय, कबूल. नातवंडांना बिबट्या सांगितला. बँकेतल्या कॅशियरला पोर्तुगीज शिपायाची संगीन सांगितली, तर त्यानं माझं काम रांग मोडून केलं. हे मात्र जसं घडलं तसं सांगतोय. म्हणूनच ते कुणाला पटत नाही.

बुधाजी सारंगांची मुलगी शेवंती. तिला मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, जत्रेत, खाज्याच्या दुकानासमोर. मी मित्रांना सांगत होतो की आमच्या कारखान्यात एका बाटलीची गोटी अशी काही उडाली, की समोरच्या देवळाची घंटा वाजली आणि भटजी जेवण टाकून आरतीला धावले. मागून आवाज आला, “ह्यां खोटां आसा.”

वळून बघतो तो एक मुलगी, हातात खाज्याचा पुडा.

“असेल,” मी म्हणालो. “मग?”

“मगे काय? फुडे सांगा. आरती झाली काय नाय?”

माझ्या गोष्टीला खोटं म्हणणारे गावात पुष्कळ होते. खोटं म्हणून पुढचं विचारणारी ती पहिली. त्या रात्री मी मामाच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, लग्न करीन तर हिच्याशी.

आई-बाप मला आठवत नाहीत. वाढवलं ते मामानं, तात्या मयेकरानं. त्याचा शब्द माझ्यासाठी शेवटचा, आणि तो शब्द नेहमी नकाराचा. मामाला दोष दिसायचे. माझ्यासाठी त्यानं मुली पाहिल्या नि त्यानंच मोडल्या. एकीची आत्या तोतरी होती, एकीच्या घराचं दार दक्षिणेला होतं, आणि एकीत काहीच दोष सापडला नाही म्हणून त्याला संशय आला. सारंगांच्या गावी, कोळवंडीला जाताना होडीत तो माझ्या कानाशी वाकला.

“परशा, या सारंगाच्या घरात डोळ्यांचं काहीतरी आहे, असं ऐकलंय. देवगडचं एक स्थळ त्यापायी मोडलं. त्याची आत्या म्हणे आंधळी होऊन मेली.”

“आत्या ना? मुलीचे डोळे मी पाहिलेत. माशाच्या डोळ्यांसारखे आहेत.”

“मेलेल्या माशाचेही उघडेच असतात. मी बघून घेतो. डोळ्यांचा दोष रक्तातून उतरतो. तसं काही आढळलं ना, तर मी उठणार. आणि मी उठलो की तू उठायचंस.”

“उठेन,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या तो सारंग. बुधाजींचं सगळं आयुष्य मोठ्या आगबोटींवर गेलेलं. उंच माणूस, पांढरा गंजीफ्रॉक, आणि गाल असे तुळतुळीत की माशी बसली तर घसरावी. आमच्याकडे घरात मालवणी बोलतात, पण सोयरीक जुळवायला माणसं आली की सगळे पुस्तकात बघून बोलल्यासारखे बोलू लागतात. सारंगांची परक्यांशी बोलायची भाषा तर इस्त्रीची होती. मामा अंगणात शिंकला तशी ते ओटीवरूनच म्हणाले, “या मयेकर, पायरी उंच आहे, जपून.” नजर आमच्या डोक्यावरून पलीकडे, माडांच्या शेंड्यांवर. मला वाटलं, साहेबी ऐट आहे. मोठी माणसं कुठं आपल्याकडे बघतात?

मग त्यांनी माझ्या हनुवटीवरून अंगठा फिरवला.

“परवाची दाढी.”

“आमच्याकडे न्हावी आठवड्यातून दोनदाच...”

“समुद्र किनारा रोज धुतो. त्याला कुणी सांगतं का, आठवड्यातून दोनदा ये म्हणून? बस त्या खुर्चीवर. माझ्या घरात मुलगी बघायच्या आधी मुलाची दाढी होते. ती मी करतो.”

“यापूर्वी कुणाची केलीत?” मामानं विचारलं.

“बसलं कोण? खुर्ची बघून तिघेजण पळाले.”

मी बसलो. शेवंती आतून पितळी ताट घेऊन आली आणि तिनं ते खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण ताट ठेवताना त्याच्या काठावरचा एक चरा तिनं बापाच्या बाजूला फिरवून घेतला, हे मी पाहिलं. ताटात डावीकडे गरम पाण्याची वाटी, मग साबण, मग ब्रश, मग वस्तरा, शेवटी तुरटी. हे सगळं असं ओळीत, जणू कवायतीला उभं. सारंगांनी बोटांनी चरा चाचपला आणि खुर्चीच्या मागे खुंटीला टांगलेला चामड्याचा पट्टा ताणून वस्तरा पाजवायला घेतला. सट्, सट्, सट्. पट्ट्याकडे एकदाही न बघता.

“आरसा नाही?” मामानं लगेच दोष काढला.

“बोटीवर आरसा टिकतो का, मयेकर? लाटेनं माणसं पडतात, आरशाचं काय घेऊन बसलात. बिस्केच्या उपसागरात बोट एकदा कुशीवर झोपली होती, तेव्हासुद्धा मी दाढी केलीय. माझी आणि कप्तानाची. आरशात बघून दाढी करणारा आरशाची दाढी करतो. हात गालावर हवा.”

नि खरंच, हात गालावर होता. आधी गरम पाण्यातला पंचा माझ्या तोंडावर दाबून धरला, मी गुदमरेपर्यंत. मग ब्रश गोल गोल फिरवून फेस असा मुरवला की खुंट उभे राहिले. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणायची, पातं निजवून धरायचं आणि केस जिकडे वळलेत तिकडेच जायचं. प्रत्येक ओढीबरोबर ते कान माझ्या गालाजवळ आणत.

“ऐक,” ते म्हणत. “खर्र झालं तर केस कापला जातोय. फस्स झालं तर फेसच निघतोय. आणि आवाजच झाला नाही, तर?”

“तर?”

“तर कातडी.”

अशा अवस्थेत ते प्रश्न विचारत होते. बाटल्यांचं झाल्यावर त्यांनी विचारलं, “विडी?”

“ओढतो.”

“परशा!” मामा ओरडला.

“मामाच्याच चोरतो,” मी म्हणालो. एकदा खरं बोलायला लागलं ना, की ते उतारावरच्या गाडीसारखं असतं.

“माझ्या मुलीला याआधी पाहिलंयस?”

इथं मात्र पातं नेमकं कंठमण्याखाली आलं होतं. आमच्या काळी लग्नाआधी मुलीशी बोललो असं तिच्या बापाला सांगणं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना कळायचं नाही. दाराच्या आड बांगडी वाजली.

“पाहिलंय. जत्रेत. बोललोही. मी एक थाप मारली, ती म्हणाली ही थाप आहे. मग म्हणाली, पुढे सांगा.”

सारंगांनी पातं उचललं, पंच्याला पुसलं. मग नाकातून हसल्यासारखा आवाज आला.

“तिची आई पण असंच करायची,” ते म्हणाले. “ऊठ, मान सरळ कर. सुलटी झाली. आता उलटी. सुलटी दाढी सगळेच करतात. उलट्या हातानं केसाच्या विरुद्ध जायचं, तीच खरी. तिथं हात चुकला तर देवाचं नाव घ्यायचं.”

मी मान सरळ केली आणि खांदे सैल सोडले. मनात म्हटलं, झालं. अवघड प्रश्न संपले.

एवढ्यात शेवंतीनं मामाला दुसरा चहा आणून दिला. बाकावर मुंगळे चढले होते. मामानं त्यांना दोन शिव्या हासडल्या, कप घेऊन इकडेतिकडे पाहिलं, उठला आणि आमच्या स्टुलापाशी आला. गरम पाण्याची वाटी त्यानं ताटात पलीकडे ढकलली आणि तिच्या जागी आपला कप ठेवला. मग ओटीच्या टोकाला जाऊन परसातल्या फणसांकडे बघत उभा राहिला. फणसात दोष शोधत असावा.

सारंगांनी ब्रश घेतला. दुसऱ्यांदा फेस करायचा, तर ब्रश पुन्हा गरम पाण्यात भिजवायला हवा. त्यांचा हात रोजच्या जागी गेला, आणि ब्रश मामाच्या चहात बुडाला.

मला वाटलं, आता थांबतील. हसतील. ते थांबले नाहीत. ब्रश दोनदा चांगला घुसळला, निथळला, साबणावर फिरवला. त्यांची नजर माडांच्या शेंड्यांवर.

मी दाराकडे पाहिलं. शेवंती उंबऱ्यात उभी होती, हातात धुतलेला पांढरा पंचा. तिनं ते पाहिलं होतं. तिचा चेहरा पंच्यासारखाच झाला होता. माझी नजर तिच्या नजरेला भिडली तशी तिनं एक हात आपल्या डोळ्यांसमोर आडवा धरला आणि मान हलवली. नाही. मग मामाच्या पाठीकडे पाहिलं, आणि पंच्यासकट हात जोडले.

तेव्हा मला पायरीची सूचना आठवली, शिंकेवरून दिलेली. ताटावरचा चरा आठवला. गालाशी आलेला कान आठवला. आरसा नसलेलं घर.

ब्रश माझ्या गालावर टेकला. गरम, चिकट, तपकिरी फेस, आणि आल्याचा घमघमाट. ब्रश तिथंच थांबला. सारंगांच्या नाकपुड्या फुलल्या. त्यांनाही कळलं होतं. क्षणभर आम्ही दोघं तसेच, नाकाला नाक लागेल इतके जवळ. त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते. बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखं काहीतरी होतं, ते मी आता पाहिलं.

मी उठू शकत होतो. पण उठून काय सांगणार? मामा चार पावलांवर उभा होता.

ब्रश पुन्हा फिरू लागला. सारंगांच्या तळहातानं माझं कपाळ मागे दाबलं आणि मी पुन्हा माडांच्या झावळ्या बघू लागलो. वस्तरा पट्ट्यावर वाजला. मग डाव्या हाताची बोटं माझ्या मानेवर आली. ती मघासारखी गरम नव्हती.

पहिली ओढ खालून वर. खर्र.

दुसरी. खर्र.

“फणस बरे आहेत,” मामा परत येत म्हणाला. “एका झाडाला कीड आहे.” त्यानं कप उचलला, भुरका मारला आणि पचकन अंगणात थुंकला.

“साबण! चहात साबण?”

मला मामा दिसत नव्हता, पण त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यानं कपात पाहिलं असणार. मग ताटातल्या वाटीकडे. मग माझ्या तोंडावरच्या तपकिरी फेसाकडे. जेव्हा तो बोलला तेव्हा त्याचा आवाज मऊ झाला होता. दोष सापडला की त्याचा आवाज तसा व्हायचा, लोणी लावल्यासारखा.

“सारंगानू,” मामा म्हणाला, “ब्रश माझ्या चहात बुडवलात?”

खर्र. तिसरी ओढ.

“तुम्हाला दिसत नाही की काय?”

चौथी ओढ झालीच नाही. पातं सावकाश खाली आलं आणि थेट कंठमण्याखाली थांबलं. आधी ते निजलेलं असायचं. आता उभं होतं, मला धार कळत होती.

“परशुराम,” सारंग म्हणाले. इतका वेळ त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. “मी सांगून तुझ्या मामाला पटायचं नाही. तू सांग. माझा नियम तुला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे. मला दिसतं की नाही?”

खरं सांगितलं तर मामा उठणार, आणि त्याच्यामागून मी. खोटं सांगितलं तर रक्त निघणार, नियमाप्रमाणे होडी धरायची, वर मामाला रक्तावरून खरं काय ते कळणारच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये वस्तरा. म्हाताऱ्याला काय हवंय ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं असतं, पण मला झावळ्यांशिवाय काही दिसत नव्हतं. त्याला तर तेही नाही.

मी आवंढा गिळला.

लिंबाचा रस सांडावा तसं चर्र झालं. मग काहीतरी कोमट, मानेवरून खाली.

“दिसतं म्हणजे काय!” मी म्हणालो. “घारीला दिसत नाही इतकं दिसतं. मामा, तुम्हीही कमाल करता. एवढा मोठा सारंग चहात ब्रश चुकून बुडवील का?”

सारंगांचा अंगठा त्याच क्षणी माझ्या मानेवर आला आणि त्या जागेवर घट्ट दाबला गेला; निसटलेलं रक्त तपकिरी फेसात मुरलं.

“मुद्दाम?” मामा म्हणाला.

“मुद्दाम नाही तर काय! उलटी दाढी चहानंच करतात. सारंगांनी मला आत्ताच सांगितलं, तुम्ही फणस मोजत होतात तेव्हा. आसामचा चहा भरून बोट विलायतेला चालली होती. मध्येच गोडं पाणी संपलं. प्यायला थेंब नाही, चहा मात्र ढीगभर, अगोदरच उकळून ठेवलेला. कप्तान अस्सल साहेब. तहानेनं मरेन म्हणाला, पण दाढीशिवाय मरणार नाही. केली चहानं. खुंट असे निघाले की लोण्यातून सुरी! विलायतेत उतरला तर मडम त्याला ओळखेना, म्हणाली हा कोण कॉलेजातला मुलगा. तेव्हापासून मोठे साहेब दाढीला वेगळा चहा ठेवतात. या घरात दाढीच्या ताटाजवळ ठेवलेला चहा दाढीचाच समजतात. तुम्हीच नेऊन ठेवलात, त्यात त्यांचं काय चुकलं?”

मामाला दोष दिसायचे, पण साहेबाची गोष्ट म्हटली की तो विरघळायचा.

“आल्याचा चहा?” त्यानं कप नाकाशी नेऊन विचारलं.

“आल्याचाच. आलं नसेल तर खाज सुटते.”

“मीठ?”

“मीठ नाही.”

मामा हूं म्हणाला आणि पुन्हा कपात बघू लागला, पण आता निराळ्या नजरेनं.

सारंग माझ्या कानाशी वाकले, कल्ला तपासावा तसे. अंगठा जागेवरच.

“खोटां बोललंस,” ते कुजबुजले.

मालवणीत. परक्यांशी ते मालवणी बोलत नाहीत, हे माझ्या डोक्यात नंतर शिरलं. तेव्हा डोक्यात काही शिरत नव्हतं.

“होय.”

“कापलां.”

“होय.”

“कित्याक बोललंस?”

“मामा उठला असता.”

“आनि तू?”

“मी पण उठलो असतो. वाढवलंय त्यानं मला.”

कंठमणी त्यांच्या अंगठ्याखालीच होता. तो हलला नाही.

ते तसेच वाकून राहिले. त्यांचा श्वास माझ्या कानावर येत होता. मग मोठ्यानं म्हणाले, “शेवंती, पंचा आण.”

पांढरा पंचा मघाशी तिच्या हातात होताच. पण ती उंबऱ्यातून आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लाल पंचा होता, कुंकवासारखा लाल. तिनं तो बापाच्या हातात दिला नाही. स्वतःच माझ्या गळ्याभोवती गुंडाळला, बापाचा अंगठा निघाला त्याच क्षणी, आणि गाठ मारली.

“ह्यां खोटां होतां,” ती ओठ न हलवता म्हणाली. “फुडलां मगे सांगा.”

सारंगांनी वस्तरा पाण्यात बुडवला, अंगठाही. वाटी नेमकी कुठं आहे हे शोधायला त्यांना एक क्षण जास्त लागला, पण मामा तेव्हा चहात बोट बुडवून ते गालाला लावून बघत होता.

“मयेकर,” सारंग म्हणाले. ताठ उभे, नजर माडांवर, भाषा पुन्हा इस्त्रीची. “तुमचा भाचा बाटल्या धुतो. तुमच्या विड्या चोरतो. लग्नाआधी माझ्या मुलीशी बोलतो. पण तुम्ही बघत होतात. वस्तरा गळ्यावर असतानाही पोरगा एकदाही खोटं बोलला नाही. थेंबभर रक्त नाही. मी मुलगी दिली.”

आणि हे बोलायच्या आधी, अगदी आधी, त्यांचा कंठमणी वर गेला आणि खाली आला. एवढा मोठा, त्या तुळतुळीत गळ्यावर. मी खुर्चीतून बघत होतो. दारातून शेवंतीही बघत होती.

मामानं पुढे येऊन माझ्याकडे निरखून पाहिलं. लाल पंच्याकडे, गालांकडे.

“तसा तो खोटं बोलतच नाही,” मामा म्हणाला. “माझ्यावर गेलाय.” मग माझ्या गालावरून बोट फिरवून, “दाढी गुळगुळीत झालीय हो.”

परतीच्या होडीत मी पंचा सोडला नाही. थंडी वाजते का, असं मामानं भर मे महिन्यात विचारलं. मी हो म्हणालो. मामा नंतर पुष्कळ जगला आणि मरेपर्यंत आल्याच्या चहानं दाढी करत राहिला. मालवणच्या बाजारात त्यानं ते इतक्या जणांना शिकवलं की आमच्या गल्लीत सकाळी कुणाच्या घरी चहा होतोय आणि कुणाच्या घरी दाढी, हे वासावरून सांगता येत नसे.

लग्न लागलं आणि मगच सारंग डोळे दाखवायला मिरजेला यायला तयार झाले. त्याआधी गेलो असतो तर होडीतच बातमी पसरली असती, म्हणाले. मोतीबिंदू पिकून दगड झाला होता. डॉक्टरांनी एक डोळा वाचवला. पट्टी सोडली तेव्हा समोर मी उभा होतो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि शेवंतीकडे वळले.

“गो, तू तर सांगितलंस, नवरो गोरो आसा!”

शेवंतीनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी काही दिवस वाकायचं नाही, डोक्याला हिसका द्यायचा नाही असं बजावलं होतं. पण दाढीवाचून त्यांना दिवस सुरू झाल्यासारखं वाटेना. मग मीच त्यांना ओटीवर त्या खुर्चीत बसवलं. शेवंतीनं ताट आणलं, चरा माझ्या बाजूला फिरवून ठेवलं. गरम पंचा, मग फेस, मग दोन बोटांनी कातडी ताणून, कान गालाशी नेऊन, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे. सुलटी झाली. उलटीसाठी मी पातं त्यांच्या कंठमण्याखाली टेकवलं, आणि तिथं पोचल्यावर मला राहवेना. त्या दिवशी त्यांनी पातं उभं का केलं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या पोटात होता.

“सारंगानू,” मी म्हणालो, “एक विचारू?”

त्यांचा नवा डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं, मग वस्तऱ्याकडे.

“इचार,” ते म्हणाले. “पण आधी तो वस्तरो बाजूक घे.”